विमा कंपनीचं आख्यान

सिंगापूरच्या तांजोंग पगार भागातल्या एका उंच इमारतीत, एका अमेरिकन विमा कंपनीत मी काही वर्षं ट्रेनिंगचं काम केलं. नव्यानं रुजू झालेल्या मंडळींना पहिल्याच सोमवारी कंपनीचा इतिहास सांगायचा, हा त्या कामातला मुख्य भाग. वेळ जेवणानंतरची. पोटात नारळाच्या रश्श्यातल्या नूडल्सचा गरमागरम लक्सा, अंगावर एसीची थंडगार हवा आणि पडद्यावर दाढीवाल्या संस्थापकाचा फोटो. माणसाला झोप यायला आणखी काय लागतं?

आणि इतिहास तरी कसला! अमेरिकेतल्या कुठल्याशा गावात लाकडी घरांना आगीचा विमा देणारी एक कंपनी निघाली. तिनं दुसरीला विकत घेतलं, मग ती स्वतःच तिसरीत विलीन झाली, मग नाव बदललं, मग आयुर्विमा आला, पुन्हा नाव बदललं, मग आशियात ऑफिसं निघाली. हे सगळं मी पाढे म्हणावेत तसं पडद्याकडे बघत म्हणायचे. समोर बघायची माझी हिंमतच नव्हती.

एकदा बॉसनं बोलावलं. ती इथलीच, चिनी घरातली, बोलायला फटकळ पण मनानं चांगली. "एव्हरीबडी स्लीपिंग लाह," ती इथल्या ढंगाच्या इंग्रजीत म्हणाली. मुख्य ऑफिसनं इतिहासाचा एक व्हिडिओ तयार केला होता. तिथले एक साहेब पुढच्या महिन्यात सिंगापूरला येणार, माझं सेशन बघणार आणि मग ठरवणार, व्हिडिओ की मी. व्हिडिओ आला तर माझं पुढे काय, हे तिनं सांगितलं नाही. एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरी असेपर्यंतच्या परवान्यावर, राहणाऱ्या माणसाला ते सांगावं लागत नाही. मी मेट्रोनं बिशानला घरी आले.

घरी बाबा होते. पुण्याहून आमच्याकडे राहायला आले होते. आईनं गुडघ्यांचं कारण सांगून विमान टाळलं होतं. बाबा कीर्तनकार. चाळीसेक वर्षं देवळादेवळांतून उभे राहिलेले, आवाज अजून खणखणीत आणि स्वतःविषयी मत भलतंच चांगलं. आपल्यामागे मी उभं राहावं असं त्यांना फार वाटायचं. मी एमबीएला गेले तेव्हा त्यांनी माझ्यासाठी ठेवलेल्या झांजा फडक्यात बांधून माळ्यावर टाकल्या. आता बिशानच्या फ्लॅटमध्ये सकाळी बागेत फिरायचं, खाण्याच्या गाळ्यांच्या हॉकर सेंटरवर कोपी, म्हणजे इथली कॉफी, प्यायची आणि संध्याकाळी माझ्या नवऱ्याला क्रिकेट समजावून सांगायचं, असा त्यांचा दिनक्रम होता. नवरा कॉलेजच्या टीममधून खेळलेला होता, पण बिचारा ऐकून घ्यायचा.

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी बाबांना सोफ्यावर बसवलं आणि सगळं सेशन म्हणून दाखवलं. ते दुसऱ्या विलीनीकरणाला झोपले. व्यवस्थित, मान मागे टाकून.

"बाबा!"

"जागा आहे मी," ते डोळे चोळत म्हणाले. "अगं, ही तू माहिती सांगतेस. त्यात माणूस कुठाय? आख्यान कशाचं लावणार आहेस?"

"बाबा, विमा कंपनी आहे ती. तिचं कसलं आलंय आख्यान?"

"माणसानं केलेल्या कुठल्याही गोष्टीचं आख्यान लागतं. तुला लावता येत नसेल तर तसं सांग."

मला असा राग आला! पण झोप काही येईना. मग मुख्य ऑफिसनं पाठवलेलं ते कंटाळवाणं पुस्तक मी पुन्हा काढलं आणि बाबांना एकेक ओळ मराठीत सांगत गेले. ते मध्येच "पुढे", "हे सोड", "हे तुझ्या साहेबाला सांग" असं म्हणत होते. गावाला लागलेल्या आगीत कंपनीची कागदपत्रं जळाली तरी तिनं सर्व दावे पूर्ण केले, असं एक वाक्य होतं. ते मी सेशनमध्ये नेहमी गाळायचे.

"थांब," बाबा म्हणाले. "कागद जळाले, तर कुणाचा विमा होता हे कळलं कसं?"

मी खालची बारीक अक्षरातली टीप वाचली. संस्थापकानं शाळेतून एक टेबल मागून आणलं, जळक्या रस्त्यावर, बर्फात मांडलं आणि तो तिथे बसला. जो येऊन 'माझं घर विम्याचं होतं' म्हणाला, त्याचं त्यानं खरं मानलं.

बाबा सोफ्यावरून उठलेच. "अगं, हा हिरा तू तळटिपेत पडू दिलास?"

मग पुढचे सगळे दिवस आमची तालीम चालली. बाबांनी माझ्या हातातलं पडद्यावरचं चित्र बदलायचं बटण काढून घेतलं. आधी पूर्वरंग, म्हणाले. एक प्रश्न टाक आणि सगळ्यांना त्यात गुंतव. अनोळखी माणसाच्या हाती आपण आयुष्यभर पैसे का देतो, आपण नसताना तो शब्द पाळेल हे कशावरून? तो प्रश्न पुरता मुरला की मग आग लाव. मी इंग्रजीत बोलायचे, त्यातलं त्यांना निम्मं कळायचं, पण कुठे घाई झाली आणि कुठे थांबायला हवं होतं, हे बरोबर कळायचं. घरात श्रोते कमी पडतात म्हणून त्यांनी मला खाली व्हॉइड डेकवर, इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, उभं केलं. बुद्धिबळ खेळणारे दोघे आजोबा मान वर करून ऐकायला लागले, तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"एक लक्षात ठेव," बाबा म्हणाले. "माझं पहिलं कीर्तन झालं ना, तेव्हा माझे गुरुजी उठून पुढे आले आणि माझ्याच पायाशी वाकले. सत्तरीचे होते. मी घाबरून मागे सरलो, तर असे रागावले! म्हणाले, मागे सरायचं नाही. नमस्कार तुला नाही, नारदाच्या गादीला आहे." ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकलेली. मी हो हो म्हटलं आणि साहेबांना इंग्रजीत काय सांगायचं याचाच विचार करत राहिले.

तो सोमवार आला. "ब्रिंग अंकल, लाह," असं आमच्या तालमीचं ऐकून बॉसनंच सांगितल्यामुळे बाबा व्हिजिटर पास गळ्यात घालून मागच्या खुर्चीवर बसले होते, अंगावर धोतर-सदरा आणि पायांत माझ्या नवऱ्याचे बूट. त्यांच्या शेजारी ते अमेरिकन साहेब.

मी लॅपटॉप मिटला. प्रश्न टाकला. पहिल्यांदा चेहरे पाहिले, आणि खरं सांगते, तिथेच मला मजा यायला लागली. मी त्यांच्यामधून चालत होते. आग लागली, पाइनची घरं कडाडली, सकाळ झाली, बर्फात टेबल मांडलं गेलं. पहिली बाई आली. तिच्याकडे कागद नाही, टेबलामागच्या संस्थापकाकडेही नाही. इथे मी थांबले.

"हं! मग?" मागून खणखणीत आवाज आला.

साहेब दचकले. मीही दचकले. आयुष्यभर कीर्तनात वावरलेल्या माणसाच्या तोंडून हुंकार गेला होता, त्याला काय करणार! सगळे हसले आणि पुढच्या वेळी मी थांबले तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका नव्या मुलीनंच विचारलं, "देन?" त्यानंतर कुणी डुलकी काढली नाही. विलीनीकरणं, बदललेली नावं, सगळं मी त्या टेबलाला बांधत गेले. नाव कितीदा बदललं तरी टेबलामागे बसणारं माणूस लागतंच, आणि आजपासून तिथे तुम्ही बसणार आहात, असं म्हणून मी संपवलं.

साहेब जाताना बॉसशी काहीतरी बोलले. ती माझ्याजवळ आली. "व्हिडिओ नो नीड. यू कॅरी ऑन," म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला. मला तिथल्या तिथे बाबांना मिठी मारावीशी वाटली.

पण बाबा खुर्चीतून उठून स्वतःच पुढे येत होते, नव्या मुलांच्या मधून वाट काढत, ते मोठे बूट वाजवत. मला वाटलं, आता चुका सांगणार. माझ्यासमोर येऊन त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि ते माझ्या पायाशी वाकले. बॉसनं माझ्याकडे पाहिलं. माझे पाय आपोआप मागे जायला लागले, आणि मग मला आठवलं.

मी मागे सरले नाही.