बिराप्पा फिटर आणि पंचमीचा स्क्रू

बिराप्पा फिटरचं नाव निघालं की मी आजही हात जोडतो. लोक हसतात. हसू देत.

गडी मूळचा वडूजच्या पलीकडचा, मेंढरांमागं वाढलेला. चाळीस साली पलटणीत भरती झाला, इजिप्तच्या वाळूत लष्करी गाड्या दुरुस्त करायला शिकला आणि लढाई संपल्यावर हत्यारांची एक पेटी घेऊन परतला. मेंढरं भावाच्या हवाली करून त्यानं कऱ्हाड-पेठ रस्त्याच्या कडेला पत्र्याचं छप्पर टाकलं. मागं एक खोली, तिथं तो आणि त्याची बायको सुलाबाई. बोलण्यात भलताच कंजूष. इंजिनाला कान लावायचा, मान हलवायचा आणि कामाला लागायचा.

आमची गाठ पडली ती सेहेचाळीसच्या नागपंचमीला. मीही फौजेतलाच. सिंगापुरात जपान्यांच्या हाती सापडलो आणि साडेतीन वर्षं घरी माझा पत्ता नव्हता. सुटल्यावरही कित्येक महिने इस्पितळातच गेले. आमच्याकडं पंचमीच्या आदल्या दिवशी बहिणी भावासाठी उपास धरतात आणि पंचमीला नागोबा पुजून सोडतात. शिराळ्याला दिलेली माझी धाकटी बहीण साळू, सगळ्यांनी माझी आशा सोडली तरी, दर साली तो उपास धरत होती. यंदा तिनं निरोप धाडला होता, की भाऊ दारात आल्याशिवाय तोंडात पाणी घालणार नाही. साळू हट्टी आहे. म्हणाली म्हणजे करणारच.

म्हणून एका मित्राची लष्करी लिलावातली मोटारसायकल मागून घेतली आणि पहाटेच निघालो. कऱ्हाड सोडलं आणि गाडीनं मान टाकली. ठिणगीच पडेना. ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोचं झाकण उघडायला गेलो, तर एक स्क्रू गंजून बसलेला. पेचकस नव्हता, म्हणून खिशातला चाकू लावला आणि रागारागानं पिळला. स्क्रू हलला नाही, त्याच्या डोक्यावरची खाच मात्र पार झिजली. मग गाडी ढकलत बिराप्पाचं छप्पर गाठलं. तोवर दुपार झाली होती.

त्यानं स्क्रूवर बोट फिरवलं. नवी खाच पाडावी लागेल नाहीतर भोक पाडून काढावा लागेल, म्हणाला, आणि दोन्ही आज व्हायचं नाही. पंचमीला आमच्याकडं कुणी चिरत नाही, कापत नाही, खणत नाही, चुलीवर तवासुद्धा ठेवत नाही. उद्या या, म्हणाला.

माझं डोकं फिरलं. छिन्नी मारून मोकळा हो, म्हणालो. तो ऐकेना तेव्हा नको ते बोललो. खोलीच्या दारात सुलाबाई उभी होती, तिला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणालो, "तुमचा भाऊ वाटेत अडकला असता, म्हंजे कळलं असतं."

सुलाबाई तशीच वळली. आत गेली. जरा वेळानं चुलीवरचं पातेलंच घेऊन बाहेर आली. वर पुरणाची दिंडं अर्धीमुर्धी उकडलेली, खाली खळखळतं पाणी. नवऱ्याला म्हणाली, "चिरायचं न्हाई, पर शेकायला कुनाची ना हाय?"

बिराप्पा तिच्याकडं बघतच राहिला. मग दिंडं बाजूला काढून त्यानं फडकं त्या पाण्यात बुडवलं, पिळलं आणि मॅग्नेटोवर धरलं. त्याचं सगळं अंग जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं. ते तापून फुगतं आणि लोखंडाचा स्क्रू तेवढा फुगत नाही, एवढंच त्यानं सांगितलं. फडकं निवलं की दुसरं. मधूनमधून लाकडाची मोगरी हलकेच ठोकायची. सुलाबाई पाणी पुन्हापुन्हा उकळून आणत होती. तासाभरानं त्यानं झिजलेल्या खाचेत तेलात कालवलेली बारीक वाळू भरली, पेचकस टेकवला आणि छातीचा भार दिला. स्क्रू कुरकुरला. पाव फेरा फिरला. मग सुटलाच.

आतला मळ पुसून गाडी चालू व्हायला दहा मिनिटंही लागली नाहीत. बिराप्पानं हात पुसत पुसत, माझ्याकडं न बघता सांगितलं, "हिचा भाऊ ज्योतिबा माज्याच संगं भरती झालता. बेचाळीसला लढाईत तिकडंच ऱ्हायला. ही अजून उपास धरती."

मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. दाराशी जाऊन म्हणालो, "वैनी, चुकलो."

"बहिनीपायीच बोलला न्हवं? जावा आता. ती उपाशी हाय," ती म्हणाली.

दिवस मावळायच्या आत शिराळ्यात पोचलो. साळूनं मला पाटावर बसवलं, शेजारी बसून पहिला घास घेतला आणि रडत रडत चावला. मीही रडलो. मग उशीर का झाला ते सांगायला लागलो. ज्योतिबापर्यंत आलो तसा साळूचा हात ताटातच थांबला.

"आन त्या बाईनं उपास सोडला का रं?"

मी विचारलंच नव्हतं. चूल तर आम्ही अडवून ठेवली होती आणि दिंडं अर्धी कच्चीच बाजूला पडली होती. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत साळू दिंडांचा डबा घेऊन मोटारसायकलवर माझ्या मागं बसली, आणि आम्ही बिराप्पाच्या छपराकडं निघालो.