ओपलने टाकलेले एक्के

ओपल टिबेट्सने लास वेगासात वीसेक वर्षं लोकांना पत्ते वाटले. उन्हाळ्यातल्या मोठ्या पोकर स्पर्धेतही वाटले, पण समोरच्या खुर्चीत ती कधी बसली नाही. तिथली प्रवेश फी आमच्यासारख्यांच्या आवाक्यातली नव्हेच. संधिवाताने बोटं धरली, नोकरी सुटली, तेव्हा मला म्हणाली, "लेस्टर, मरायच्या आधी एकदा त्या खुर्चीत बसणार बघ मी." मला पत्ते पिसायला तिनेच शिकवलं, आणि शिकवताना हातावर चापट्याही मारल्या. तेव्हा तिच्याबद्दल मी तटस्थपणे सांगेन, अशी आशा कुणी धरू नये.

खुर्ची मिळवायचा एक स्वस्त रस्ता आहे, तो म्हणजे आमच्या छोट्या कॅसिनोतली पात्रता फेरी. तिथे दहा जण उरले की खेळ थांबतो आणि दहाही जणांना मोठ्या स्पर्धेत जागा मिळते. चिप्सचा, म्हणजे डावावर लावायच्या चकत्यांचा, डोंगर रचलेल्याला जी खुर्ची, तीच चार चिप्स उरलेल्याला. अकरावा मात्र हात हलवत घरी जातो. तो उठला की बाकीचे टाळ्या वाजवतात, अशी आमच्याकडची रीत आहे. आपण वाचलो म्हणून वाजवतात, त्यात दुष्टावा नसतो. पण जाणाऱ्याला त्या ऐकाव्याच लागतात.

गेल्या वर्षी अकरावी ओपल होती. हातात दोन राजे आले, समोरच्याने सगळं लावलं, हिने कॉल केला, म्हणजे आपलंही सगळं लावलं, हरली आणि संपली. घरी सोडताना गाडीत म्हणाली, "राजे बघितले आणि खुर्ची विसरले. एवढी वर्षं टेबलावर काढून हेच शिकले का रे मी?"

यंदा अकरा उरले तेव्हा तिच्या टेबलावर मीच वाटायला होतो. अशा वेळी दोन्ही टेबलांवर एकेकच डाव खेळतात. ज्याचा डाव आधी संपेल त्या वाटणाऱ्याने उभं राहायचं आणि दुसऱ्यासाठी थांबायचं. पलीकडच्या टेबलावर कासाबियन नावाचे दातांचे डॉक्टर होते, त्यांच्यापुढे चिप्स नावालाच होत्या. ओपल पत्ते उचलायच्या आधी दर वेळी मान वळवून त्यांच्याकडे बघत होती.

आमच्या टेबलावरचा डोंगर बक विदर्सचा. जुन्या गाड्या विकतो, आणि बोलतोही तसाच. कुणी कॉल करायला धजणार नाही हे ओळखून गडी दर डावाला सगळं लावत सुटला होता. या डावातही लावलं. बाकीच्यांनी पत्ते टाकले, उरली ओपल. तिने पत्त्यांची कोपरं उचलून बघितली आणि हात टेबलावर ठेवून बसून राहिली.

"काय आजी, डुलकी लागली का?" बक म्हणाला.

"विचार करतेय रे. तुला सवय नसेल."

टेबल हसलं. मी हसलो नाही. वाटणाऱ्याने मुकं राहायचं असतं.

"अहो, लावा की! घाबरलात होय?"

"हो, घाबरले," ओपल म्हणाली, आणि पत्ते उताणे करून माझ्याकडे सरकवले. दोन एक्के! बदामाचा आणि इस्पिकचा. पोकरमध्ये याहून मोठी सुरुवात नाही.

बकने आपले पत्ते आपटले. सत्ती आणि दुर्री, निव्वळ कचरा. "एक्के टाकले! सत्ती-दुर्रीला!" त्याला हसू आवरेना. शेजारचा बाप्या कपाळावर हात मारून म्हणाला, "बाई, आठात सात वेळा तुम्ही जिंकला असता."

"आणि जिंकून काय, दोन खुर्च्या देणार होतात?" ओपल म्हणाली. "आठव्या वेळी माझी एक गेली असती."

मी उभा राहिलो. पलीकडून आरडाओरडा आला: कासाबियन वाचले होते, वर त्यांच्या चिप्स दुपटीने वाढल्या होत्या. बकने मुद्दाम तिच्याकडे बघून शीळ घातली. मला त्याची मानगूट धरावीशी वाटली. ओपलने फक्त पाण्याचा घोट घेतला आणि पुढचे पत्ते न बघताच टाकून दिले.

त्याच डावात कासाबियन गेले. पलीकडचा वाटणारा उभा राहिला आणि सगळा हॉल टाळ्या वाजवू लागला, बक सगळ्यात मोठ्याने. ओपलने टाळी वाजवली नाही. ती उठली, दुखऱ्या गुडघ्यांनी पलीकडच्या टेबलापर्यंत चालत गेली आणि डॉक्टरांचा हात हातात घेतला.

मोठ्या स्पर्धेच्या पहिल्या दिवशी मी माझं टेबल दुसऱ्याशी बदलून घेतलं, म्हणजे ती बरोबर माझ्यासमोर येईल. जांभळा ब्लाउज, नवीन चष्मा, केस सेट केलेले. भोंग्यावरून हुकूम आला, "पत्ते पिसा आणि वाटा!" आणि तिचे दोन्ही हात आपसूक पुढे आले, माझ्या कॅटापर्यंत.

मग तिच्या लक्षात आलं. तिने हात मागे घेतले, मांडीवर ठेवले आणि खुर्चीत टेकून बसली.

"वाट रे बाबा," ती म्हणाली. "आज मी घेणार."