कानामागची वात

पंपाची मोटार जळली की मी ती मिरजोळ्याला, मोटारींची तार नव्याने भरून देणाऱ्या मिस्त्रींकडे नेतो. घराच्या पडवीतच त्यांचं दुकान आहे. मोटार उघडण्याआधी ते तिचा वास घेतात आणि "होईल, होईल" म्हणतात. कानामागे विडी कायम खोचलेली.

यंदा छातीने दगा दिला आणि विडी सोडायची ठरली. जहाजावरच्या भाच्याने वाफेची सिगरेट आणून दिली. तिच्यातली, रस तापवून वाफ करणारी तारेची कॉइल जळली, आणि दुसरी इथे कुठून मिळणार? मग स्वतःच करायला बसले. मी गेलो तेव्हा जीभ दातांत धरून केसासारखी तार गुंडाळत होते. वेटोळं झकास जमलं. त्यात कापूस भरला, वर रसाचे थेंब सोडले, एक झुरका घेतला आणि खोकत सुटले. कापूस करपला होता. पुन्हा भरला, पुन्हा करपला. मोटारीत तार जराही हलता कामा नये, म्हणून ठासून भरायची त्यांच्या हाताला सवय. कापूसही तसाच ठासत होते.

चहा घेऊन आलेल्या वहिनी बघत उभ्या राहिल्या. "अहो, एवढं आवळलंत तर रस चढणार कुठून?" म्हणाल्या, आणि देवापुढची वळतात तशी एक सैल वात वळून त्यांच्या हातावर ठेवली.

परवा गेलो तर कानामागे पांढरं काहीतरी दिसलं. मला अत्तराचा फाया वाटला. वात होती.

"आणि ती वाफेची?"

"तीपण सुटली. पण हात अजून कानामागे जातो हो. रिकामा परत येऊ नये म्हणून ही रोज सकाळी एक वात वळून देते."