भूक लावणारे मौलवीसाब

आमच्या मौलवीसाबांनी पहिले आठ दिवस आम्हांला काहीच शिकवलं नाही. आष्टीच्या शाळेत ते बदलून आले तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. आधीचे मास्तर आल्याआल्या अलिफ-बे घोकून घ्यायचे आणि चुकलं की निंबाच्या फोकानं पोटऱ्या सोलून काढायचे. मौलवीसाबांनी तो फोक खिडकीतून बाहेर टाकला आणि रोज एकेकाला जवळ बोलावून विचारू लागले, "तुला काय वाचायचं हाय रे?"

या प्रश्नाचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. निजामाच्या राज्यात शाळा उर्दूत चालायची आणि आमची घरं मराठीत. मार चुकावा म्हणून आम्ही शिकत होतो. फोक गेला तसं शिकायचं कारणही गेलं. मौलवीसाबांना घाई नव्हती. "भूक लागल्याबिगर वाढलेलं अंगी लागत न्हाई," असं ते म्हणत. हळूहळू एकेकाची भूक त्यांनी हुडकून काढली. कापडवाल्या मारवाड्याच्या चंपालालला गठ्ठ्यांवरचे शिक्के वाचायचे होते. कुंभाराच्या सखारामला चावडीवर डकवलेला कागद कशाचा, हे गावात सगळ्यांच्या आधी कळायला हवं होतं. शाळा सुटली की मौलवीसाब त्याला चावडीपर्यंत घेऊन जात. दोन वर्षांत बारा अक्षरं न धरलेला सखाराम दिवाळीपर्यंत तिथं उभा राहून म्हाताऱ्यांना कागद समजावून सांगू लागला.

मी मात्र "काहीच न्हाई" म्हणालो. माझ्या वडिलांना, दादांना, निजामाविरुद्धच्या चळवळीत पकडून नेलं होतं. ही भाषा त्यांना धरून नेणाऱ्यांची, एवढं माझ्या डोक्यात पक्कं होतं. मौलवीसाब रागावले नाहीत. "बस मंग," एवढंच म्हणाले.

पुढं तुरुंगातून दादांची चिठ्ठी आली, तीही उर्दूत. तिथल्या शिपायांना वाचता येईल अशीच चिठ्ठी बाहेर पडायची, म्हणून दादा सांगत आणि कुणी मुन्शी लिहून देई. माय ती घेऊन मौलवीसाबांकडे गेली. त्यांनी वाचून दाखवलं: तब्येत चांगली आहे, जेवण बरं आहे, बैलांकडे बघा. अशा तीन चिठ्ठ्या त्यांनी वाचल्या. तिसरीची घडी घातली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बापाचं बोलणं माझ्या तोंडून किती दिवस ऐकतो? तूच शिक. जल्दी शिक."

त्यानंतर मी जसा शिकलो तसा आयुष्यात पुन्हा काही शिकलो नाही. तुराटीनं मातीत अक्षरं काढायची, भाकरी खाताना ताटात काढायची. एक नुक्ता, अक्षराचा ठिपका, इकडचा तिकडे झाला की शब्द बदलतो, हे बोलताना मौलवीसाबांचे डोळे लहान पोरासारखे चमकायचे. तीन महिन्यांत मला छापील धडा वाचता येऊ लागला. आता फक्त चिठ्ठी यायची होती.

ती एका दुपारी शाळेतच आली. टपालवाल्यानं उघडा सरकारी कागद मौलवीसाबांच्या हातात दिला. त्यांनी तो वाचून घडी घातली. मग म्हणाले, "आज मी वाचतो, बेटा. घरी येऊन वाचतो."

"न्हाई," मी म्हणालो. "मी वाचणार."

त्यांनी कागद माझ्या हातात दिला. माझ्यासोबत घरापर्यंत आले. माय ज्वारी निवडत बसली होती. मी मोठ्यानं, एकेक अक्षर लावत वाचलं. दादांचं नाव, गावाचं नाव, मग बुखार. मग फे, वाव, ते. फौत. हा शब्द मला ठाऊक नव्हता, पण अडखळलो नाही. मान वर करून विचारलं, "बराबर वाचलं का, मौलवीसाब?"

"बराबर वाचलं, बेटा," ते म्हणाले.

मायला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण माणूस मेलं की पटवाऱ्याच्या कागदावर तोच शब्द चढतो, हे तिला माहीत होतं. तिचा हात सुपातच राहिला.

दिवसकार्य उरकल्यावर मी जुन्या तीन चिठ्ठ्या, मजकूर ठाऊकच आहे म्हणून आजवर न उघडलेल्या, काढून स्वतः वाचल्या. पहिलीत खोकला होता. दुसरीत रक्त होतं. तिसरीत दादांनी लिहवलं होतं की कुणीतरी भेटायला या, फार दिवस निघणार नाहीत. मौलवीसाबांनी यातलं अक्षरही आम्हांला सांगितलं नव्हतं. मी शाळा सोडली. ते घरी आले, तर मी तोंड फिरवून बसलो. मायला म्हणाले, "मला वाटलं, तुम्हाला भेटू देणार न्हाईत. उगं जीव जाळून घ्याल. मी चुकलो, बाई." माय त्यांना जा म्हणाली नाही, बसा म्हणाली नाही.

त्याच वर्षी निजामाचं राज्य गेलं. आष्टीत मौलवीसाबांना कुणी बोट लावलं नाही. पण आसपासच्या गावांतून येणाऱ्या मुसलमानांवरच्या हल्ल्यांच्या बातम्या ऐकून त्यांच्या बायकोनं अन्नपाणी सोडलं होतं. एका सकाळी त्यांनी बैलगाडी जुंपली. गाडी आमच्या दारापुढं थांबली. माय फडक्यात भाकरी आणि चटणी बांधून बाहेर गेली. मी दाराआड उभा राहिलो.

"पोरगा कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

"शेतात गेलाय."

"वाचतो का काही?"

"वाचतो," माय म्हणाली.

सहा महिने मी कागदाला हात लावला नव्हता. दारातून दोन पावलं टाकली असती तर पुरे होतं. माझ्यानं झालं नाही. गाडी परतूर स्टेशनच्या वाटेला लागली, आणि माय आत येऊन माझ्याकडे पाठ करून चुलीपुढं बसली.

पुढच्या जूनला मी मराठी शाळेत नाव घातलं. नंतर मास्तर झालो. औरंगाबादेत, हैदराबादेत, भेटेल त्या माणसाकडे मौलवीसाबांची चौकशी केली. ते कुठं गेले, हे कुणालाच सांगता आलं नाही.