आठव्या नंबरचा क्लब

आमच्या स्पर्धेत अमरावती आणि अकोल्याचे मिळून आठ क्लब 'अ' गटात होते. दिवाळीनंतर दर रविवारी सामना, प्रत्येकाशी दोनदा, आणि शेवटी जो आठवा राहील त्याने 'ब' गटात जायचं, असा नियम. मी क्लबात आलो त्या वर्षी डिसेंबर संपला तेव्हा आठवे आम्हीच होतो. सात सामन्यांत दोन बरोबऱ्या, बाकी सगळे हरलेलो.

खाली जाणं ही नुसती लाजेची गोष्ट नव्हती. आम्ही खेळायचो ते मैदान एका शाळेचं होतं आणि शाळेची संस्था संध्याकाळची वेळ फक्त 'अ' गटातल्या क्लबाला द्यायची. आम्ही घसरलो असतो तर ती वेळ क्रिकेटच्या शिकवणीला जाणार होती. शहरात दुसरीकडे जागा नव्हती. मैदान गेलं की क्लब गेला, हे आम्हाला कळत होतं, पण ते खरं लागत होतं उस्तादांना.

उस्ताद म्हणजे आमचे प्रशिक्षक. त्यांचं कूलर दुरुस्तीचं दुकान. थंडीत ते काम नसतं, म्हणून तेवढे महिने ते पूर्ण आमचे. तरुणपणी चार मित्रांना घेऊन त्यांनी हा क्लब काढला होता. मित्र पुढे पुण्याला, सुरतेला गेले. उस्ताद आणि मैदान राहिलं.

मी परतवाड्याच्या अलीकडच्या एका गावचा. आमचं घर भाजीपाल्याचं. घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, त्यामुळे अमरावतीत पहिले काही महिने मी बोलतानासुद्धा आधी मनात वाक्य जुळवून घ्यायचो. 'मले' म्हणालो तर वर्गात कोणी हसेल, असं वाटायचं. फुटबॉल मी तोवर टीव्हीवरच पाहिला होता. होस्टेलच्या एका मुलाबरोबर मैदानावर गेलो, पळता येतं एवढ्या भांडवलावर उस्तादांनी ठेवून घेतलं, आणि मागच्या फळीत उजव्या बाजूला उभं केलं.

"तू दोनदा इचार करतं," ते म्हणाले. "समोर खेळणाऱ्याले ते चालत नाही. मांगच्याले चालते."

माझ्याबद्दल कोणी इतकं नीट पाहून काही बोलल्याचं मला आठवत नव्हतं. मी रोज जायला लागलो.

जानेवारीत सातव्या नंबरच्या क्लबाशी सामना आमच्या मैदानावर ठरला. तो अकोल्याचा क्लब, आमच्यापेक्षा तीनच गुणांनी पुढे. जिंकलो असतो तर बरोबरीला आलो असतो. पण आमचं मैदान काळ्या मातीचं. पावसाळा गेला की ते तडकतं. भेगांत चेंडू उसळायचा आणि पडणाऱ्याचे गुडघे सोलून निघायचे. सगळे कुरकुर करत होते तेव्हा मी, कधी न बोलणारा, बोललो. म्हणालो, पाणी देऊ. आमच्याकडे वाफा तयार करण्याआधी ओलीत करतात, मग तीन-चार दिवस थांबतात. माती ना ओली ना कोरडी, अशी भुसभुशीत झाली की त्याला वाफसा म्हणतात. बुधवारी पाणी दिलं तर रविवारी वाफसा येईल, असा माझा हिशोब.

उस्तादांनी शाळेच्या टाकीला पाइप लावायला परवानगी आणली. त्या बुधवारी मी मैदानभर पाणी फिरवलं. मुलं मला विचारत होती, इथं पुरे का, तिथं अजून देऊ का. इतका अधिकार मला कॉलेजात कधी मिळाला नव्हता. मला तो आवडला, हे कबूल करायला हवं.

गुरुवारी आणि शुक्रवारी आभाळ राहिलं. शनिवारी ऊन पडलं. मी घरी करतो तसं मूठभर माती दाबून पाहिली, ती मोकळी झाली. उस्तादांना सांगितलं, झालं. फक्त मूठ मी कडेची घेतली होती, जिथे दिवसभर ऊन असतं. आमच्या एका गोलपोस्टसमोर शाळेच्या भिंतीची सावली पडते, तिकडे मी गेलोच नाही. तिथली माती वरून वाळलेली दिसत होती, एवढंच.

उत्तरार्धात ते टोक आमच्याकडे आलं. पहिल्या दहा मिनिटांत वरचं कवच फुटलं आणि बुटांना मातीचे गोटे चिकटायला लागले. पाय उचलायलाच जोर लागायचा. तरी गोल झाला नव्हता. मग एक साधा चेंडू माझ्याकडे आला. आसपास कोणी नव्हतं. मी तो गोलकीपरला परत दिला, अगदी हळू, जसा द्यायचा तसा. चेंडू निम्म्या वाटेत चिखलात थांबला. गोलकीपर पाय सोडवत पुढे येतोय तोवर त्यांचा एक मुलगा येऊन तो जाळ्यात घालून गेला. आम्ही एक-शून्य हरलो. आता फरक सहा गुणांचा.

कोणी रागावलं नाही. ते जास्त अवघड गेलं. थट्टा मात्र त्याच संध्याकाळी सुरू झाली. क्लबच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणीतरी धानाच्या बांधीचा, म्हणजे चिखल केलेल्या भातशेताचा, फोटो टाकून खाली लिहिलं, पुढच्या रविवारी रोवणी. दुसऱ्या दिवशी सेंटर फॉरवर्डने गेटवरच गाठलं.

"काय मालक, आज ओलीत हाये का? चप्पल घालून येऊ का बूट?"

मी हसलो आणि त्यानंतर चार दिवस गेलो नाही. शुक्रवारी गावी निघून गेलो.

बाबा कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होते. आमच्याकडे तिला सांभार म्हणतात. त्यांनी फुटबॉलचा सामना आयुष्यात पाहिलेला नाही, आणि मी खेळतो हे त्यांना अभ्यासाच्या आड येणारं वाटेल म्हणून मी फारसं सांगितलंही नव्हतं. पण त्या दिवशी सगळं सांगून टाकलं. त्यांनी गोल किती झाले ते विचारलंच नाही. पाणी किती तास दिलं, मैदान कोणत्या बाजूला उतरतं, भिंत किती उंच, हे विचारत राहिले.

"मंग मूठ कुठची घेतली होती?"

"कडेची."

"सावलीतली काहून नाही घेतली?"

बाबा जुडी बाजूला ठेवून हसले. मग एकदम गंभीर झाले आणि म्हणाले, "आता ते पायाचे ठसे वाळून दगड होतीन. पोराईचे घोटे मुरगळतीन तिथं. उशीर करू नको."

मी रविवारपर्यंत राहायचं ठरवून आलो होतो. त्यांनी मला शनिवारी पहाटेच बाजारात जाणाऱ्या पिकअपमध्ये बसवलं. फुलकोबी आणि सांभाराच्या मध्ये आमची जुनी फळी आडवी टाकली होती. फळी म्हणजे वाफे सपाट करायचा जड लाकडी ओंडका, बैलांनी ओढायचा. मी म्हणालो, तिथे बैल नाहीत. ते म्हणाले, अकरा जण आहेत ना.

सावलीतले ठसे खरोखरच दगड झाले होते. आम्ही आधी कुदळीने ढेकळं फोडली, वरून हाताने पाणी शिंपडलं, थोडंच, आणि या वेळी मी चार ठिकाणची माती मुठीत घेऊन पाहिली. मग फळीला दोर बांधले. ओढायला सहा जण. फळीवर वजन हवं, म्हणून उस्ताद तिच्यावर चढून उभे राहिले, एक हात कमरेवर, दुसऱ्यात दोर. सेंटर फॉरवर्ड पुढे जुंपलेला होता. तो मान वळवून म्हणाला, "उस्ताद, वैरण कधी टाकता?"

"पह्यले एक गोल टाक," उस्ताद म्हणाले. "तुह्या वैरणीचं मंग पाहू."

दर गुरुवारी आम्ही फळी फिरवायचो. मैदान गुळगुळीत झालं असं नाही म्हणणार, पण चेंडू जाईल तिकडे जायला लागला. पाच सामन्यांत आम्ही दोन जिंकलो, दोन बरोबरीत सोडवले. हे सगळं मैदानामुळे झालं का, मला माहीत नाही. दोन सामने तर दुसरीकडे होते. एवढंच सांगता येईल की गुरुवारी एकत्र ओढून ओढून मुलं एकमेकांवर ओरडायला आणि ऐकायला शिकली होती. अकोल्याच्या त्या क्लबाला तेवढ्या काळात एकच गुण मिळाला. शेवटच्या रविवारी आम्ही त्यांच्या पुढे होतो, एका गुणाने.

शेवटचे दोन्ही सामने अकोल्यात, एकाच मैदानावर. आधी त्यांचा, मग आमचा. आम्ही सकाळच्या एसटीने निघालो. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा कोणी आलुबोंडा खायलाही उतरलं नाही. मैदानावर पोचून आम्ही कडेला बसून त्यांचा सामना पाहिला. बरोबरीत सुटला. म्हणजे दोघांचे गुण सारखे झाले, आणि गोल जास्त खाल्लेले आम्ही, म्हणून यादीत खाली. आता हरून चालणार नव्हतं.

ती मुलं घरी गेली नाहीत. बूट काढून, मोजे गळ्यात टाकून तिथेच बसली, आम्ही हरावं म्हणून. मी त्यांच्याकडे पाहत होतो. मागच्या दोन महिन्यांत मी त्यांना फक्त गुण म्हणून ओळखत होतो. त्यांचा गोलकीपर हातमोज्यांत तोंड लपवून बसला होता. आपण राहिलो की हे जाणार, ही गोष्ट मला त्या दिवशीच नीट समजली, आणि तरी मला राहायचं होतं.

सामना मला तुकड्यातुकड्यांतच आठवतो. समोरचा क्लब भारी होता. शेवटची वीस मिनिटं चेंडू आमच्याच अर्ध्यात. एकदा कॉर्नरवरून आलेला चेंडू मी डोक्याने बाहेर मारला असं सगळे सांगतात. खरं म्हणजे मी हलायच्या आत तो मला लागला. शून्य-शून्य. शिट्टी झाली तेव्हा मी खाली बसलो आणि उठायला विसरलो. उस्ताद आले, शेजारी उकिडवे बसले. मग उठून आठव्या राहिलेल्या त्या अकोल्याच्या क्लबाच्या प्रशिक्षकाकडे गेले आणि दोघं बराच वेळ हात धरून बोलत उभे होते.

सोमवारी सरावाची सुट्टी होती, तरी सगळे मैदानावर आले. उस्ताद दुकानातून थेट आले होते. कूलरचा हंगाम लागला होता, कपड्यांवर वाळ्याच्या काड्या. त्यांच्या हातात शाळेचा फॉर्म होता, पुढच्या वर्षीच्या मैदानाचा. ते म्हणाले, माझं अक्षर बैलासारखं आहे, तूच भर. मी सायकलच्या सीटवर कागद ठेवून क्लबचं नाव लिहिलं, वेळ लिहिली. गटाच्या रकान्यात 'अ' लिहिला.

उस्तादांनी चष्मा लावून पाहिलं.

"अजून दाबून लिही," ते म्हणाले. "ऑफिसातल्या बाबूले दुरून दिसलं पाह्यजे."

मी त्यावरून पुन्हा पेन फिरवलं.