दोंडाईचावालीची घंटी

मासिकात लोक आपापले अनुभव लिहून पाठवतात, ते मी दुपारची भांडी आवरल्यावर वाचते. वडाखालची बाई, विहिरीतला आवाज… वाचते आणि हसून पान उलटते. माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. लहानपणी दोंडाईच्याला स्टेशनमागच्या चिंचेखालून बाकीच्या मुली पळत जायच्या, मी सावकाश जायचे. मला भीती भुतांची नव्हती, माणसांची होती. चार माणसं ओट्यावर बसलेली दिसली की मी रस्ता बदलायचे. अजूनही बदलते. त्यामुळे हे मासिकाला पाठवायचा धीर होईलसं वाटत नाही. पण लिहायचं तर त्यांच्यासारखंच — कुठे, कधी, कोण कोण होतं, सगळं नीट सांगून.

जळगावात जुन्या गावात आमच्या दोन खोल्या. हे एका जिनिंग कारखान्याच्या कचेरीत टायपिस्ट. दिवसभर टाइपरायटर बडवून माणूस कंटाळेल की नाही? पण यांना नाद जुन्या टाइपरायटरांचाच. कुठे वकिलाच्या माळ्यावर, कुठे बंद पडलेल्या पेढीत मोडकं यंत्र पडलंय असं कळलं की हे निघाले पिशवी घेऊन. बाहेरच्या खोलीत भिंतीला धरून लांब फळी टाकली होती, तिच्यावर ही मंडळी ओळीने बसलेली. पाहुणे आले की त्यांनी जमिनीवर बसायचं.

आमच्या गल्लीत सुनांना माहेरच्या गावावरून ओळखतात. सासूबाईंनी यंत्रांनाही तीच रीत लावली. चोपड्याच्या वकिलाकडून आलेली ती चोपडावाली — अंगाने जड, घंटी देवळातल्यासारखी. वरणगावहून आलेली वरणगाववाली — हलकी, घंटी सायकलची. ज्यांनी टाइपरायटर जवळून पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते, ओळ संपत आली की आतली बारीक हातोडी एका वाटीवर आपटते आणि टण् होतं. म्हणजे सावध व्हा, कागदाची कड आली. प्रत्येकीचा टण् वेगळा.

एकदा यांनी दोंडाईच्याच्या बंद पेढीतून एक यंत्र आणलं. काळं, गोल चाव्यांचं, पुढच्या पट्टीवर सोनेरी वेल. सासूबाईंनी चष्मा वर करून पाहिलं आणि मला म्हणाल्या, "तुनी बहीण ऊनी, वं माय. पाट मांड."

माझी बहीण आली म्हणून सगळे हसले, मीही हसले. पण खरं सांगते, मला ती बहिणीसारखीच वाटली. माहेरहून आलेलं दुसरं होतंच काय माझ्याकडे? दुपारी घरात कुणी नसताना मी तिची धूळ पुसायचे आणि कागद न लावता एखादी चावी दाबायचे. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही मराठी. इंग्रजी अक्षरं मी त्या चाव्यांवर पाहून पाहून ओळखायला लागले. तिची घंटी बारीक आणि गोड होती… काचेच्या बांगडीवर बांगडी वाजावी तशी. हे सगळं मी यांनाही बोलले नव्हते.

यांचे एक दोस्त धुळ्याला, यासीनभाई. शिवणयंत्र, घड्याळ, टाइपरायटर, सगळं दुरुस्त करणारे. त्यांनाही हाच नाद. दसऱ्याच्या सुमाराला ते पारोळा-एरंडोलमार्गे मोटारीने यायचे, मांडीवर एखादं यंत्र घेऊन. मग दोघांचा सामना. दोन्ही यंत्रांवर एकच ओळ मारायची, कागद खिडकीच्या उजेडाला धरायचा आणि अक्षरं रांगेत आहेत का, कुठलं फिकं, कुठलं वर उडालंय, यावर तासभर भांडायचं. नंतर डोळ्यांना रुमाल बांधून नुसत्या आवाजावरून यंत्र ओळखायचं. सासूबाई म्हणायच्या, मुली दाखवायच्या कार्यक्रमातसुद्धा इतकं पाहत नाहीत.

त्या वर्षी, म्हणजे चार-पाच वर्षांपूर्वी, यासीनभाई खंडेनवमीला आले ते थेट दोंडाईचावालीची जुळी घेऊन. तोच साचा, तोच वेल. पण तिची स्प्रिंग सैल झालेली आणि घंटीची हातोडीच नाही. दोघांनी ठरवलं, दोन मोडक्या ठेवण्यापेक्षा एक चांगली करायची. सामना लावायचा. हरेल तिचे भाग काढून जिंकेल तिला घालायचे.

मी आतून ऐकत होते. खापरावरची पोळी हातावर तशीच राहिली.

आमची हरली. तिचं एक अक्षर टाचा उंचावून उभं राहायचं, रांगेत कधी यायचंच नाही. मला तेच आवडायचं. पण नियम तो नियम. यासीनभाईंनी लगेच तिला आडवी करून हातोडी काढली, रुमालात बांधून सदऱ्याच्या खिशात टाकली. यंत्र खाली गोणपाटावर ठेवलं आणि दोघं जेवायला आत आले. जेवून बाकीचं खोलायचं.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं, अवजारं पुजतात. विळी, पाटा, यांची यंत्रं, सगळं. आणि एकदा पूजा झाली की त्या दिवशी त्या वस्तूला काम लावायचं नाही, हात लावायचा नाही. दसऱ्याला सकाळीच उचलायची. सासूबाईंनी मला सांगितलं की यांचं जेवण होतंय तोवर फळीवरच्यांची पूजा करून घे.

फळीवरच्यांची. दोंडाईचावाली फळीवर नव्हती.

मी ताट घेऊन बाहेर गेले. चोपडावालीला हळदकुंकू लावलं, वरणगाववालीला लावलं. मग ताट खाली ठेवलं, कमरेला पदर खोचला आणि ते धूड गोणपाटावरून उचलून परत फळीवर ठेवलं. एवढं वजन मी कसं उचललं तेही एक आश्चर्यच. हळद लावली. कुंकू लावलं. झेंडूचं फूल वर ठेवलं आणि —

टण्.

बारीक, गोड. बांगडीवर बांगडी.

यासीनभाई खरकटा हात तसाच घेऊन दारात आले, मागून हे, त्यांच्या मागून सासूबाई. तिघांनीही ऐकलं होतं. यासीनभाईंनी डाव्या हाताने खिसा चाचपला. रुमाल काढून सोडला. हातोडी त्यातच होती.

"भाभी," ते हळूच म्हणाले, "तुम्ही काय केलं?"

मी फुलाकडे बोट दाखवलं. यांनी पुढे होऊन यंत्राला हात घातला, तशा सासूबाई मध्ये आल्या. म्हणाल्या, "पूजा व्हयी गयी. आते तिले हात लावानं नही."

मग काय विचारता… दोन मोठी माणसं दिवसभर त्या फळीसमोर हात मांडीवर ठेवून बसली. हे पाय हलवत होते. यासीनभाई मान वाकडी करून लांबूनच आत डोकावत होते. सासूबाई येता-जाता दोघांना, जावयासारखे बसलात, असं म्हणून चिडवत होत्या. मला इतकं हसू येत होतं की मी आत जाऊन पदर तोंडाला लावला. यासीनभाईंनी त्या दिवशी परतायची मोटारही सोडली.

दसऱ्याला सकाळी पूजा उतरली. दोघांनी यंत्र उघडलं. वाटीजवळ काहीच नाही. हलवून पाहिलं, फळीवर आपटलं, वरून फूलही टाकून पाहिलं. नाही वाजली. बाकीच्या सगळ्यांच्या घंट्या एकेक करून वाजवल्या. तो आवाज कुणाचाच नव्हता. धुळ्याची जुळी तर मुकीच.

शेवटी यासीनभाईंनी पेचकस हातात घेतला आणि यांच्याकडे पाहिलं. "नाना, मग खोलू?"

हे काही बोलायच्या आत मी बोलले. परक्या पुरुषासमोर, दारात उभी राहून. "ती मोडू नका. मला तिच्यावर शिकायचंय."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मला वाटलं आता जमीन दुभंगावी. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "ऐकं का रे? एक बहीण काल बोलनी, दुसरी आज." आणि अशा हसल्या की यासीनभाईंनी पेचकस खाली ठेवला. म्हणाले, जुळीला हातोडी काय, सायकलच्या तारेचीसुद्धा बनते. रुमाल सोडला आणि हातोडी माझ्या तळहातावर ठेवली.

यांनी तिथेच एक कागद तिच्यावर चढवला, स्टूल ओढलं आणि मला बसायला सांगितलं. त्या दिवशी आपट्याची पानं वाटायला लोक आले, तेव्हा मी एका बोटाने माझं नाव इंग्रजीत शोधत होते. आलेली माणसं पाहून उठले नाही. एवढंच सांगते.

यांनी कुठे कुठे विचारलं. कुणी म्हणतं ऊन-सावलीने पत्रा आकसतो, कुणी म्हणतं उंदीर. असेलही. पण पत्रा बांगडीसारखा वाजत नाही आणि उंदराला फुलाची वेळ कशी कळली, हे कुणी सांगत नाही. मलाही सांगता येत नाही.

हातोडी आम्ही परत बसवलीच नाही. ती माझ्या कुंकवाच्या करंड्यात आहे. हे म्हणाले, बसवली तर पुढच्या वेळी कुणी वाजवली ते कळणार कसं? पुढची वेळ अजून आलेली नाही. आता मला पान-पान मारता येतं. घंटी नसल्यामुळे कड आली ते कळत नाही, शब्द कागदाबाहेर रोलरवर जातात. म्हणून प्रत्येक ओळीच्या शेवटी मी बोट उचलून थोडी थांबते, कान देते. आणि आतून हे विचारतात, "वाजली का गं?"