वर्षाखेरचा शनिवार

आमच्या चर्चचं वर्ष डिसेंबरात संपत नाही. नाताळाआधीचे चार रविवार मोजायचे. त्यातल्या पहिल्या रविवारी नवं वर्ष लागतं. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, अजून लॅटिनमध्ये होत असे, तेव्हाची ही गोष्ट. त्या रविवारच्या आदल्या दिवशी देवबागच्या खाडीकाठचा एक होड्यांचा सुतार आमच्या वाडीतली सगळी घरं फिरायचा. कानावर पेन्सिल असायची. बसण्याआधी तो बाक हलवून बघायचा, डुगडुगला तर ठोकून नीट करायचा आणि मगच म्हणायचा, "वरस सरला. माझा काय चुकला आसात तर सांगा."

बाकीचे "काय नाय रे, च्या घे" म्हणायचे. एका वर्षी मी मात्र त्याच्या सात चुका सांगितल्या. मिस्सेला रोज उशीर, प्रवचनात खोकणं, असल्याच. त्यानं बोटांवर मोजल्या. "सात. बरां."

पुढच्या वर्षी तो हिशेब द्यायला आला. "पाच झाले, दोन रवले. खोकलो काय जाणा नाय. आणि आवशीक पाठीर घेवन येतंय, म्हणान उशीर होता."

मी पहिल्या बाकावर बसतो. मागून कोण आईला पाठीवर घेऊन येतं, ते मी कधी वळून पाहिलं नव्हतं.

"आणि माझं काय चुकलं?" मी कसंबसं विचारलं.

"तुमचा?" तो गोंधळला. "तां मी मोजूक नाय."

दुसऱ्या दिवशी मिस्सा सुरू झाल्यावर मागे त्याची जड पावलं वाजली. माझी नजर आधी घड्याळावरच गेली.